सायकलींना रस्त्यावर जागा द्यायची की नाही?

गारखेड्याची ताई:
काल इथं एकानं लिहिलं की संभाजीनगरात सायकल म्हणजे पहाटेच्या हौशी मंडळींचं खूळ, त्यांच्यासाठी जालना रोडची फूटभरही जागा देऊ नका. वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. शिफ्ट सुटायच्या वेळी चिकलठाणा एमआयडीसीत जाऊन बघा. कॅरिअरला डबा अडकवून निघालेला कंत्राटी कामगार हौसेनं सायकल मारतो का? खेड्यात सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. तीच मुलगी कॉलेजला शहरात आली की सायकल गावीच राहते, कारण या रस्त्यांवर तिला पाठवायला आईबाप धजावत नाहीत. आणि मला नुसता रंगवलेला पट्टा नको. रंग वाळायच्या आत त्यावर चारचाकी उभी राहते. ट्रॅकला कठडा हवा आणि चौकात गाड्यांचा वेग कमी हवा. ताशी ३० ऐवजी ६० नं आलेल्या गाडीत धडकेची ऊर्जा चौपट असते, हे शाळेतलं विज्ञान आहे.

मोंढा नाका:
ते लिहिणारा मीच, आणि आजही तेच म्हणतो. माझं दुकान रस्त्यावर आहे. समोरचं पार्किंग गेलं की गिऱ्हाईक गेलं, हप्ते तुम्ही भरणार का? पुण्यात सातारा रोडला ट्रॅक केले, त्यावर दुचाक्या घुसतात. आणि मे महिन्यात ४२ डिग्रीत कोण सायकल चालवणार?

वाळूजचा फिटर:
शेठ, उन्हाचं आम्हाला नका सांगू. भर मे महिन्यात सेकंड शिफ्टला सायकलवरच जायलो. ऊन सोसतं, पाण्याचे टँकर सोसत नाहीत. खेपा वाढवायच्या म्हणून असे अंगावर येतात की सायकल सरळ मुरमात घालावी लागते. वरून पाणी सांडत जातात, त्या चिखलात पुढचं चाक घसरतं.

हडको एन-११:
टँकरवाल्याला शिव्या देणं सोपंय. आमच्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारा आधी. जायकवाडी उशाला असून ही गत! नव्या जलवाहिनीसाठी रस्ते खोदले, ते नीट बुजवले का कुणी? आधी पाणी द्या, मग सायकलींचं बघू.

लातूरकर:
पाण्याचं आम्हाला विचारा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालोय आम्ही. टँकर बंद करा म्हणणाऱ्यांनी तो उन्हाळा बघितलेला नाही.

गारखेड्याची ताई:
टँकर बंद करा असं कुणी लिहिलंय? दाखवा. शाळा आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला तासभर टँकर थांबवा, एवढंच म्हणते. आणि ‘आधी पाणी, मग सायकल’ हे मला पटत नाही. पाणी येईपर्यंत पोरांनी चाकाखाली यायचं का?

हडको एन-११:
तासभर थांबला तर आमची खेप रात्री येते. रात्री उठून ड्रम तुम्ही भरणार?

वाळूजचा फिटर:
बरं, टँकर राहू द्या. नालीवरच्या जाळ्या बघा. सळ्या रस्त्याच्या दिशेनं बसवल्यात, मधल्या फटीत सायकलचं टायर बरोबर जातं. माझा मेव्हणा तसाच पडला, मनगटात रॉड घातलाय, कामावरून खाडे झाले ते वेगळेच. जाळी आडवी फिरवून बसवायला कुठला निधी लागतो?

मोंढा नाका:
जाळीचं मान्य. चौकातल्या वेगाचंही एक वेळ मान्य करतो, गाड्या बेफाम येतात हे मीही रोज बघतो. पार्किंगची जागा मात्र सोडणार नाही.

गारखेड्याची ताई:
एका चारचाकीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज लागतात. तुमच्या दुकानात कामाला येणारा पोरगा कशावर येतो, ते सांगा.

मोंढा नाका:
सायकलवर. मागच्या बोळातून येतो. जालना रोडनं यायचं नाही, असं मीच त्याला बजावलंय.