लष्करी स्लीपिंग बॅग इंदूरकरांना खरोखर हवी का?

इंदूरजवळच्या जानापाव आणि चोरल परिसरातील हिवाळी मुक्कामासाठी स्वस्त स्लीपिंग बॅग लष्कराच्या जुन्या मालातून घ्यावी की दुकानातून, या आपल्या प्रश्नावर अनेकांनी, महूची लष्करी छावणी जवळच असल्याने, लष्करी मालाचा कौल दिला आहे. मला तो पटत नाही. माळव्यात डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली उतरतो खरा, परंतु बर्फासाठी शिवलेली जाड, जड बॅग इथे पाठीवर वाहण्यात अर्थ नाही. अमेरिकी लष्कराच्या तीन भागांच्या संचातील पातळ हिरवी बॅग मात्र, अस्सल मिळाल्यास, आपल्या हवेला पुरते. जुनी बॅग घेताना रंगापेक्षा भरण पाहावे: मुठीत दाबून सोडल्यावर ते फुगून वर आले नाही, तर वर्षानुवर्षे आवळून ठेवल्याने त्याची ऊब गेलेली असते.

नव्या बॅगेवर आयएसओ २३५३७ या स्लीपिंग बॅगांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दिलेल्या तापमानांपैकी ‘कम्फर्ट’चा, म्हणजे आरामात झोप लागण्याचा, आकडा पाहावा, आणि तो ५ अंशांच्या आसपास असावा. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा झोपेचा नसून जीव वाचण्याचा आहे, आणि विक्रेते नेमका तोच मोठ्या अक्षरांत मिरवतात! पिसांचे भरण ओले झाले की चपटे बसते आणि ऊब देत नाही. दव पडणाऱ्या जागी कृत्रिम तंतूंचे बरे, शिवाय स्वस्तही. वाचलेल्या पैशांत फोमची चटई अवश्य घ्यावी, कारण अंगाखालचे भरण वजनाने दबते आणि जमिनीची थंडी ते अडवू शकत नाही.