मदत हवी: मोटरवरही चालेल आणि पायडलनेही, अशी सायकल बनवतोय (कासारवडवली ते वागळे इस्टेट)

नमस्कार मंडळी,

राहायला कासारवडवली, काम वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये. एका बाजूचं अंतर जेमतेम दहा किलोमीटर, पण घोडबंदर रोडबद्दल ठाणेकरांना मी काय सांगणार. मेट्रो ४ चे खांब उभे राहिले, खालचा रस्ता आहे तसाच. वाघबीळला बसच्या खिडकीतून दिसलेला सायकलवाला कापूरबावडीला आपल्या आधी पोचलेला असतो. म्हणून मीही सायकल काढली. मानपाड्याहून आत वळतो, वसंत विहार, पोखरण दोन, वर्तकनगर. सकाळी झकास वाटतं. संध्याकाळी, दिवसभर लेथवर उभं राहिल्यावर, पाय बोलायला लागतात.

तर तिला मोटर बसवायची आहे. अट एकच: बॅटरी संपली तर ती साधी सायकल राहिली पाहिजे. वडिलांकडे लुना होती, पायडल तिलाही होतं. पेट्रोल संपलं की त्या पायडलवर गाडी पंपापर्यंत न्यायची शिक्षा मी भोगलेली आहे. तसलं पायडल नको.

मोटर हाताशी आहे. २४ व्होल्ट, २५० वॉट, ब्रशवाली, आतच गिअर. भंगारात निघालेल्या मशीनची, मालकांनी देऊन टाकली. शाफ्ट १२ मिमी, त्यावर सायकलच्याच चेनच्या मापाचं ९ दात्यांचं स्प्रॉकेट. भारावर फेरे मिनिटाला तीनशेच्या आसपास. मागच्या चाकाला डावीकडून १८ दाती लावलं तर चाक १५० फेरे फिरेल. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर, म्हणजे ताशी १८-१९ किलोमीटर. मला तेवढं पुष्कळ. पायडलची चेन उजवीकडे, गिअरसकट, आहे तशीच राहील.

अडलंय ते इथे. मोटर बंद असताना चाकाने तिला ओढत फिरवता कामा नये. आतल्या गिअरमुळे शाफ्ट हाताने फिरवायलासुद्धा जोर लागतो. दुकानातलं साधं फ्रीव्हील डावीकडे चालत नाही. एक तर आटे उजवे, मोटर ओढेल तसतसं ते सुटत जाणार. आणि आतल्या खटक्यांची दिशाही उलटी, म्हणजे स्प्रॉकेट गरगर फिरेल आणि चाक जागच्या जागी. मग फ्रीव्हील मोटरकडेच द्यावं का? आणि चाकावर स्प्रॉकेट धरायचं कशाने? आऱ्यांना रबराच्या चकत्यांमध्ये आवळायचं किट पाहिलं, मनाला पटलं नाही.

'तयार ई-सायकल घे' हा सल्ला घरून रोज मिळतो, तो सोडून बाकी काहीही सांगा.

गंजलेली चेन:
आऱ्यांना आवळायचं डोक्यातून काढून टाका. स्प्रॉकेट जरा सेंटरबाहेर बसलं की चेन अर्ध्या फेऱ्यात ताठ, अर्ध्या फेऱ्यात ढिली, आणि मग एकेक आरा तुटायला लागतो. सहा बोल्टच्या डिस्क ब्रेकचं हब घ्या आणि चाक त्यावर भरून घ्या. भोकं ४४ मिमी पीसीडीवर (भोकांच्या मधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) असतात, एम५ बोल्ट. १८ दात्यांचा पिच व्यास ७३ मिमी येतो, बोल्टची डोकी आत आरामात मावतात. ब्रेक मात्र रिमवरचाच ठेवावा लागेल. फ्रेमला व्ही-ब्रेकचे खुंट आहेत ना?

फ्रीव्हील मोटरकडेच द्या. सीएसके जातीचं वन-वे बेअरिंग मिळतं, मापं नेहमीच्या बॉल बेअरिंगचीच. तुमच्या शाफ्टला सीएसके १२ बसेल, म्हणजे ६२०१ चं माप, बाहेरून ३२ मिमी. उलटं बसवलं की दिशा उलटी, त्यामुळे डाव्या-उजव्याची भानगडच नाही. चावी अडकवायची खाच असलेलं घ्या, नुसत्या दाबून बसवण्यावर विसंबू नका.

लेथवाला (धागाकर्ता):
खुंट आहेत, हबचं तर डोक्यातच आलं नव्हतं. पण ९ दात्यांच्या पोटात ३२ मिमीचं बेअरिंग जाणार कसं? पिच व्यासच ३७ आहे, दातांच्या तळाशी तीससुद्धा उरत नाही.

गंजलेली चेन:
मग ९-१८ सोडा, १४-२८ करा. गुणोत्तर तेच. १४ दात्यांचा पिच व्यास ५७, तळाशी एकोणपन्नासच्या आसपास, म्हणजे बेअरिंगभोवती साडेआठ मिमीची भिंत राहते. शिवाय ९ दाते म्हणजे चेन जवळजवळ नऊ कोनांवरून उड्या मारत जाते, खडखड आणि झीज दोन्ही. १४ वर फरक कानाला कळेल. चेनची रेघ मात्र बेअरिंगच्या बरोबर मधोमध येऊ द्या, एकाच बेअरिंगवर बाजूचा पीळ नको. आणि २८ दाती मागच्या डाव्या चिमट्याला (चाक धरणाऱ्या फ्रेमच्या नळीला) घासत नाही ना ते आधी पुठ्ठा कापून बघा.

येऊरप्रेमी:
एवढा उपद्व्याप कशाला? गिअरवाली हब मोटर घ्या, तिच्या आतच क्लच असतो, बंद असताना ओढत नाही. बिनगिअरवाली मात्र घेऊ नका, तिच्यातले चुंबक पायडल मारताना जाणवतात. हब मोटर घेतलीत तर टॉर्क आर्म (एक्सल फिरू नये म्हणून फ्रेमला बांधायची पट्टी) लावाच. एक्सलच्या १० मिमी चपट्या भागावर ४० न्यूटन-मीटरचा पीळ म्हणजे फ्रेमच्या खाचेवर चारशे किलोच्या घरात जोर. नट कितीही आवळा, एक्सल फिरला की वायर पिळून तुटते.

लेथवाला:
विचार केला होता, पण मोटर फुकट आहे आणि लेथही. :)

दोन स्ट्रोक:
८० सीसीचं पेट्रोल किट टाका, चढ-बिढ सगळं विसराल.

नियमबुवा:
आणि आरटीओ? मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन एवढीच सूट आहे. (ती ८० सीसीसुद्धा नसतात. ४७ मिमी बोअर, ३८ स्ट्रोक, आकारमान काढा, ६६ येतात.)

विजेच्या सायकलींसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम २(यू) वाचा. मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, २५ किलोमीटर वेगाच्या आत मदत कमी होत होत बंद, आणि पायडल थांबलं की मोटरही थांबली पाहिजे. पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर. लेथवाले, तुमच्या मोटरच्या पाटीवर बरोबर २५० वॉट आहे आणि नियमात 'पेक्षा कमी' आहे, हे आपलं सांगून ठेवतो. वर या अटी चाचणी संस्थेने तपासलेल्या असाव्यात असंही त्यात आहे, म्हणजे घरगुती सायकल कागदावर अधांतरीच. तरी निदान मूठ पिळून पळवू नका, पायडलला चुंबकाच्या चकतीचा सेन्सर लावा. स्वस्त असतो.

सोल्डरगन:
चढाचा हिशोब कोणी केला नाही. सायकलीसकट १०५ किलो धरा, पाच टक्के चढ, ताशी १५. नुसत्या चढालाच २१५ वॉट, टायर आणि हवा धरून पावणेतीनशे. म्हणजे वाटेतल्या चढांवर तुम्हाला पाय मारावेच लागतील, आणि मारा. ब्रशवाली मोटर फेरे पडले की करंट खात सुटते, थांबत आली तर वाइंडिंग जळतं. पूर्ण भारावर तेरा-चौदा अँपिअर धरा. करंटला मर्यादा घालणारा कंट्रोलर आणि बॅटरीच्या प्लसला लागून २० अँपिअरचा फ्यूज. कंट्रोलरजवळ नाही, बॅटरीजवळ. मधली वायर कुठे घासली तर तोच वाचवतो.

बॅटरी लिथियम-आयन, ७ सेलच्या मालिकेची, बीएमएससकट (सेल सांभाळणारं सर्किट), १० अँपिअर-तास. साधारण २५० वॉट-तास होतात. पायडल मारत गेलात तर किलोमीटरला दहा-बारा लागतील, म्हणजे जाऊन-येऊन कसंबसं. चार्जर कामावर ठेवा. पूर्ण चार्जला २९.४ व्होल्ट होतात, तेव्हा २४ व्होल्टच्या लेड-ॲसिडचा चार्जर सापडला म्हणून लावू नका. आणि रात्री दाराजवळ चार्जिंग नको, आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

लेथवाला:
सगळ्यांचे आभार. १४-२८ पक्कं. दोन्ही स्प्रॉकेट ईएन८ पोलादात कापतो, सेन्सरही घेतो. पिळायची मूठ नको, नियमबुवांचा धाक बसला. आता एकच: पावसात रस्त्यावर टाकलेल्या लोखंडी प्लेटांवरून जाताना मागच्या चाकाचा अचानक जोर घसरवणार नाही ना? आणि चाक भरून देणारा चांगला कारागीर ठाण्यात कुणाला माहीत आहे का?

गंजलेली चेन:
कंट्रोलर हळू सुरू होणारा घ्या, आणि प्लेट आली की पायडल थांबवा, सेन्सर मोटर आपोआप तोडेल. ब्रेकच्या मुठीतही कट-ऑफ स्विच घाला. कारागिराचा नंबर व्यनित (खाजगी निरोपात) पाठवतो. रिमचा आउट (वाकडेपणा) तो काढेल, पण २८ दाती बसवल्यावर त्यावर तुमचा डायल गेज लावून बघा. पाव मिमीच्या आत आलं तरच चेन चढवा.