स्त्री-पुरुष एकत्र भजनात काळी १ चा हट्ट कशाला?

पेटीवाला

देवळातल्या साप्ताहिक भजनाची पट्टी, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या सुराला षड्ज (सा) मानायचं ते, बुवा (मुख्य गायक) ठरवतात. बुवांचा गळा कमावलेला, त्यामुळे काळी १ नाहीतर पांढरी २ (सप्तकातल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या C पासून वेगवेगळ्या मोजतात: पांढरी १ म्हणजे C, काळी १ म्हणजे C#). मंडळात निम्म्या बायका असतात आणि एकट्याने गाताना त्या साधारण काळी ४ ते काळी ५ मध्ये गातात. बुवांच्या सप्तकात उतरल्या तर काळी १ चा षड्ज त्यांना फार खाली पडतो, वरच्या सप्तकात गेल्या तर अंतऱ्याला गळा चिरतो. मग ओळ खालून सुरू होते आणि मध्येच वर उडी मारते. असं दिसलं की समजावं, पट्टी चुकली आहे.

माझं म्हणणं एवढंच की पट्टी धृपदाच्या (सगळे मिळून परत परत म्हणतात त्या ओळीच्या) दोन टोकांवरून ठरवावी. न शिकलेल्या मिश्र समुदायाचा पल्ला खालच्या पांढरी ६ पासून वरच्या पांढरी २ पर्यंत धरा (पुरुष तेच एक सप्तक खाली). धृपदाचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर कागदावर लिहा, आणि दोन्ही या पल्ल्यात बसतील असा षड्ज शोधा.

धृपद मध्य (मधल्या सप्तकातला) सा ते तार (वरच्या सप्तकातला) सा असेल तर पांढरी ६ ते पांढरी २ मधली कुठलीही पट्टी चालते, काळी १ सुद्धा. तार शुद्ध गंधारापर्यंत (ग) जात असेल तर फक्त पांढरी ६ किंवा काळी ५ उरते. तिथे काळी १ धरली तर गंधार वरच्या पांढरी ४ वर जातो, म्हणजे मर्यादेच्या तीन पट्ट्या वर. उलट मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम (प) ते मध्य धैवत (ध) एवढीच चाल असेल तर पांढरी २ ते पांढरी ४ हवी. तिथे पांढरी ६ घेतली की निम्मी मंडळी नुसते ओठ हलवतात.

मृदंगी

हिशेब छान आहे, पण एका बैठकीत तीन पट्ट्या करायच्या तर पखवाजाचं काय करायचं? गजऱ्यावर (पुडीच्या, म्हणजे चामड्याच्या तोंडाच्या, कडेच्या विणीवर) हातोडी मारून अर्धा स्वर इकडे-तिकडे होतो. त्याहून जास्त हवं तर गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकावे लागतात, आणि पुडीच्या कडेची सगळी घरं पुन्हा एकसारखी मिळवायला दहा मिनिटं जातात. तोवर मंडळी चहाला उठतात. पुडी जास्त ताणली तर फाटते, फार उतरवली तर आस (रेंगाळणारा नाद) जाऊन भदभद वाजते. पांढरी ६ साठी पुडीच वेगळी, मोठ्या तोंडाची लागते. मंगलाचरणापासून भैरवीपर्यंत षड्ज एकच, ही रीत उगाच पडलेली नाही.

टाळकरी_२

मृदंगींना +१. शिवाय पट्टी उतरवली की भजनाचा जोर जातो, याबद्दल कुणी बोलत नाही. वीस टाळांच्या खणखणाटात पुरुषांचा खर्ज (खालचे सूर) ऐकूच येत नाही, कारण न शिकलेला गळा खाली गेला की आवाज आपोआप बारीक होतो. दिंडीत उघड्यावर तर चढीच पट्टी लागते, नाहीतर मागच्या रांगेला चाल कळत नाही.

पेटीवाला

दिंडीचं मान्य. तिथे पेटी नसते, वीणा आणि पखवाज ठरवतील ते खरं. मी बोलतोय ते सभामंडपातल्या भजनाबद्दल. आणि पल्ल्याला खालचं टोकही आहेच की! पुरुषांना कायम पांढरी ६ च्या खर्जात ढकला, असं मी कुठे म्हटलं?

"जोर" म्हणजे नेमकं काय, तेही पाहा. चढ्या पट्टीत पहिली दोन आवर्तनं जोरात होतात. चौथ्या-पाचव्याला फक्त बुवा आणि दोन तरुण गातात, बाकीचे टाळ वाजवतात. परीक्षा पाचव्या आवर्तनाला घ्या.

वीणेकरी

दोघांचंही साधेल असा जुना उपाय आहे: मध्यमातून गाणं. बैठकीचा षड्ज पांढरी १ ठेवा आणि पखवाज तिथेच मिळवा. मंद्रात उतरणारी चाल आली की मध्यमाला, म्हणजे पांढरी ४ ला, सा मानून गा. पूर्वी मंद्र पंचम खाली पांढरी ५ वर पडत होता, आता तो पांढरी १ वर येतो आणि मध्य पंचम वरच्या पांढरी १ वर. सगळी चाल एका सप्तकात, कुणाची ओढाताण नाही. पखवाजाला हातही लावायला नको, कारण त्याचा षड्ज नव्या पट्टीचा पंचम होतो.

एक चूक मात्र हमखास होते: यंत्रावरचा तानपुरा सा-पवरच राहतो. पांढरी ४ ला सा मानलं की पांढरी ५ हा ऋषभ (रे) होतो आणि तो सतत टोचत राहतो. तानपुरा सा-म करा, आणि मूळ षड्जाची चाल परत आली की आठवणीने सा-प. पंचमाला सा मानण्याच्या फंदात पडू नका. पखवाज तिथे मध्यमात बोलतो आणि बहुतेक चालींत उपरा वाटतो.

मृदंगी

हे पटलं, आमच्याकडे गौळणीला असंच करतात. पण याने खालच्या चालींचा प्रश्न सुटला. तार गंधाराच्या चालीचं काय? तिथे मध्यम घेऊन सगळं आणखी वर जाईल.

पेटीवाला

बरोबर, तिथे मध्यम कामाचा नाही. पण पल्ला धृपदाचा मोजा असं सुरुवातीलाच लिहिलंय. चरण बुवा गातात, त्यांना तार पंचमापर्यंत जाऊ दे. धृपदच वर जात असेल तर ते दोनदा बुवांनी वरून म्हणावं आणि समुदायाला त्याच शब्दांची मध्य सप्तकातली साधी चाल द्यावी. गजराला (सामूहिक नामघोषाला) ही सोय नाही, तिथे सगळेच सगळं म्हणतात. म्हणून बैठकीची पट्टी गजरावरून ठरवा, अभंगावरून नाही. पांढरी १ च्या षड्जात गजर तार ऋषभावर थांबला तर बरोबर पांढरी २ वर येतो. लय वाढवा, सूर वाढवू नका.

कीबोर्ड_कोकण

एवढा काथ्याकूट कशासाठी? कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण दाबा, हवी ती पट्टी मिळेल.

वीणेकरी

बटण पेटीपुरतं. पखवाज आणि गळे तिथेच असतात.

मृदंगी

खरी गोम वेगळीच आहे, कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. पुष्कळ पेटीवाल्यांची बोटं काळी १ आणि पांढरी ४ मध्येच फिरतात, म्हणून मंडळही तिथेच गातं. स्केल चेंजर पेटी (पट्ट्या सरकवून षड्ज बदलता येतो ती) घेतली तर वजन वाढतं, आणि सरकपट्टी नीट खाचेत बसली नाही तर दोन सूर एकदम बोलतात.

पेटीवाला

टोमणा पोचला. काळी ५ ची बोटं बसवायला महिनाभर रोज वीस मिनिटं पलटे (सुरांचे सरावाचे पाठ) पुरतात. आणि पेटी जुनी असेल तर पट्टी ठरवण्याआधी मधल्या सप्तकातली पांढरी ६ ट्यूनरवर पाहा, ४४० हर्ट्झ यायला हवी. तीच चढलेली असेल तर वरचा सगळा हिशेब तेवढाच सरकतो.

टाळकरी_२

बरं, काकड्याला काय करायचं? पहाटे गळा बसलेलाच असतो.

पेटीवाला

संध्याकाळच्या पट्टीपेक्षा एक स्वर खाली. पांढरी १ असेल तर काळी ५. पुरुषांचे गळे पहाटे जड असतात, खालचे सूर सहज लागतात, त्यामुळे टाळात बुडायची तुमची भीतीही कमी.

मृदंगी

एक स्वर गजऱ्यावर उतरणार नाही. काकड्याचा पखवाज आदल्या रात्रीच गठ्ठ्यांवर उतरवून ठेवा, आणि डाव्या तोंडाची कणीक पहाटे ताजी लावा.