मदत हवी आहे : बेळगाव भागात राहून वकिली करावी का? (वय २७, पतसंस्थेत नोकरी, तीन वर्षांच्या एलएल.बी.चा विचार)

सर्वांना नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातील आहे. बी.कॉम. झाल्यापासून बेळगावातील एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करते. यंदा तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घ्यावा असे मनापासून वाटते. परंतु दरमहाचा पगार सोडून या वयात वकिलीत उतरणे कितपत योग्य ठरेल, हे सांगणारे घरात कोणी नाही, कारण आमच्या नात्यात आजवर कोणी वकील झालेले नाही. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात प्रत्यक्ष वकिली करणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

हा विचार माझ्या मनात कामामुळेच आला. शेतजमीन तारण ठेवून कर्ज मागणाऱ्याची फाइल समोर येते, तेव्हा वरती कन्नडमधला पहाणी उतारा (महाराष्ट्रातील सातबारासारखा जमिनीचा उतारा) असतो, त्याखाली इंग्रजी किंवा कन्नड खरेदीखत, मग आजोबांच्या काळातील मराठी दस्त, आणि कधीकधी अगदी तळाशी मोडीत लिहिलेला, घड्यांवर फाटत आलेला कागद. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुन्या घराण्यांची कागदपत्रे मराठीत आणि त्यांतील काही मोडीत असणे स्वाभाविक आहे. अर्जदाराला बहुधा यांपैकी एखादाच कागद वाचता येतो. उताऱ्याच्या अकराव्या रकान्यात बोजा चढलेला आहे, किंवा चुलत्याचे नाव अजून कमी झालेले नाही, हे त्याला आमच्या काउंटरवर पहिल्यांदा समजते आणि तो माझ्याकडेच पाहत राहतो. मी कर्जापुरते सांगते. त्यापुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

दुसरी गोष्ट बहिणींच्या सह्यांची. वारसा नोंद करताना किंवा कर्ज काढताना भाऊ बहिणींना घेऊन येतात आणि हक्कसोडपत्राचा विषय निघतो. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने दिला, आणि त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. तरीही आपण नेमके काय सोडत आहोत हे सही करणाऱ्या बाईला कोणी तिच्या भाषेत समजावून सांगितलेले असते, असे मला क्वचितच दिसले. स्वखुशीने सोडणाऱ्या बहिणी आहेत, त्यांच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण समजून सोडणे आणि न समजता सोडणे यांत फरक आहे, आणि ते समजावून सांगण्याचे काम आपण करावे, असे मला फार दिवसांपासून वाटते.

आता अडचणी लिहिते. पहिली आणि सर्वांत मोठी अडचण भाषेची आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले. कन्नड विषय होता, ऑफिसमध्ये बोलावेही लागते, उतारा आणि नोटीस मी अडखळत का होईना वाचते. परंतु जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा कन्नड आहे. कन्नडमध्ये दावा लिहिणे, साक्षीदाराचा उलटतपास घेणे आणि न्यायाधीशांसमोर युक्तिवाद करणे यासाठी जी पकड लागते, ती माझ्याकडे आज नाही. कन्नड नीट शिकण्याची माझी पूर्ण तयारी आहे, कारण ज्या न्यायालयात पक्षकाराचे काम चालवायचे, त्याची भाषा वकिलाला आलीच पाहिजे, असे मी मानते. मराठी माध्यमातून आलेल्या वकिलांनी ही तयारी कशी केली, आणि न्यायालयात न अडखळता उभे राहण्याइतकी भाषा यायला साधारण किती काळ लागला, हे जाणून घ्यायचे आहे.

मामांचे म्हणणे वेगळे आहे. त्यांच्या मते मी सनद (वकिलीचा परवाना) घेऊन सरळ महाराष्ट्राकडे वळावे. वकिलाला देशात कोठेही काम करता येते, महाराष्ट्रातील तालुका-जिल्हा न्यायालयांत मराठी चालते, चंदगड तर आमच्या शेजारीच आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने तिकडे नव्या वकिलांना वाव आहे. मुद्दा चुकीचा नाही. परंतु ज्यांच्यासाठी मला हे शिक्षण घ्यायचे आहे त्यांच्या जमिनी खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत आहेत; त्यांचे दावे येथेच चालणार आणि उच्च न्यायालयापर्यंत गेलेले अपील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जाणार. दोन्ही राज्यांत काम ठेवणारे कोणी येथे असतील, तर ते व्यवहारात निभते का, की तारखा सांभाळताना दोन्हीकडचे काम अर्धवट राहते, हे कृपया सांगावे.

पैशांचा प्रश्न टाळता येत नाही. वडिलांची भातशेती आहे आणि धाकट्या भावाचे शिक्षण माझ्या पगारावर चालू आहे. वर्गात ७० टक्के उपस्थिती सक्तीची असल्याने नोकरी सांभाळून शिकणे जवळजवळ अशक्य दिसते, आणि सनद घेतल्यावर तर पूर्णवेळ पगारी नोकरी करताच येत नाही. नोंदणी शुल्काचा भार आता राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानुसार खुल्या वर्गासाठी ते ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. खरी चिंता त्यानंतरच्या वर्षांची आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली, पण ती बंधनकारक नाही. बेळगावात सीनियरच्या हाताखाली पहिली दोन-तीन वर्षे हातात काय पडते, याचे खरे उत्तर मला हवे आहे, मग ते कितीही निराशाजनक असो.

न्यायाधीशपदाच्या परीक्षेचाही विचार केला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालाने त्यासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा अनिवार्य झाल्याने तो मार्ग मी सध्या बाजूला ठेवला आहे.

कर्ज विभागातील अनुभव मात्र उपयोगी पडेल असे वाटते. पतसंस्था आणि बँका यांना मालकीहक्काचा शोध घेऊन सर्च रिपोर्ट देणारे वकील सतत लागतात. मी कन्नड पक्के केले, सोबत मोडी शिकले आणि जमिनीच्या कागदपत्रांवरच भर दिला, तर न्यायालयातील काम जम धरेपर्यंत केवळ अशा कामावर घरखर्च निघू शकेल का? बँकांच्या वकिलांच्या पॅनेलवर (यादीत) नाव लागण्यासाठी किती वर्षांची सनद मागतात? आणि बेळगावात दिवाणी कामात स्त्री वकिलांकडे पक्षकार स्वतःहून येतात का, की तेथेही आधी ओळख लागते?

प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी संस्थेला राजीनाम्याची आगाऊ सूचना द्यावी लागेल, म्हणून निर्णय लांबवता येणार नाही. ज्यांनी नोकरी सोडून वकिली सुरू केली, आणि ज्यांनी वकिली सोडून पुन्हा नोकरी धरली, अशा दोघांचेही अनुभव वाचायला आवडतील.