'सत्तामूलक युक्तिवाद' : यातली सत्ता कोणती?

खडूफळा
ॲन्सेल्म या अकराव्या शतकातल्या ख्रिस्ती भिक्षूवरचा एक लेख मराठीत आणतो आहे. १०७७-७८ च्या सुमारास नॉर्मंडीतल्या बेकच्या मठात त्याने मांडलं ते असं : ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही, तो देव. तो नुसता मनात असेल, तर प्रत्यक्षात असणारा त्याहून थोर ठरेल. म्हणून तो असलाच पाहिजे. मी याला 'सत्तामूलक युक्तिवाद' म्हटलं. संपादकांनी 'सत्ता'खाली लाल रेघ मारून समासात लिहिलं, "वाचक राज्यकारभार समजेल." त्यांचं खरंच आहे. दुसरा शब्द सुचवा.

ओवीवेडा
शब्द अजिबात सोडू नका! ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवाचं पाचवं प्रकरण उघडा, पहिलीच ओवी 'सत्ता प्रकाश सुख' अशी सुरू होते. सत्-चित्-आनंदच तो. असणं या अर्थाने सत्ता आपल्याकडे सातशे वर्षांपासून आहे. वर्तमानपत्रांनी तिचं मंत्रालय करून टाकलं.

माजघर
वर्तमानपत्रांना कशाला बोल? तुकोबांचं 'चाले हें शरीर कोणाचिये सत्ते' घ्या. इथे सत्ता म्हणजे चालवणाऱ्याचं बळ. माझी आजी गुडघ्याला तेल चोळताना हे म्हणायची. देव आहे की नाही हा तिचा प्रश्नच नव्हता. गुडघा हलतो तो कोणाच्या जोरावर, एवढंच. संपादकांचा अर्थही जुनाच आहे.

साधीभाषा
सरळ 'असण्यावरून युक्तिवाद' लिहा. आणि 'युक्तिवाद' तरी कशाला? तो वकिलाचा वाटतो. 'अनुमान' म्हणा. मडकं आहे म्हणजे कुंभार असणार, तसा जगालाही कर्ता असणार, हे न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांच्या न्यायकुसुमांजली या ग्रंथात आहेच की.

खडूफळा
उदयनाचार्यांच्या हातात मडकं आहे, ॲन्सेल्मच्या हातात फक्त व्याख्या. तो जगाकडे बोट दाखवतच नाही. म्हणून तर गौनिलो नावाच्या भिक्षूने त्याला लगेच अडवलं : याच न्यायाने सर्वांत उत्तम बेटही समुद्रात कुठेतरी असलंच पाहिजे!

माझी खरी अडचण पुढे आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट १७८१ मध्ये हाच युक्तिवाद खोडताना म्हणतो, कल्पनेतल्या शंभर थालरांपेक्षा (थालर म्हणजे तिथलं चांदीचं नाणं) खऱ्या शंभरांत एकही नाणं जास्त नसतं. 'असणं हे विधेय नव्हे' असं मी लिहिलं. पण 'देव आहे' या वाक्यात 'आहे' हेच विधेय, असं आपण शाळेत शिकलो!

माजघर
'असणं हा गुण नव्हे' करा. 'देव दयाळू आहे' मधून देव कसा ते कळतं, नुसत्या 'देव आहे' मधून कसा ते काहीच कळत नाही.

ओवीवेडा
'गुण' म्हटलं की सत्त्व-रज-तम आले. त्यापेक्षा 'अस्ति' धरा. अस्तित्व, आस्तिक, सगळं एका धातूचं. देव आहे म्हणणारा तो आस्तिक.

साधीभाषा
इथे थांबा. मनुस्मृती वेदनिंदकाला नास्तिक म्हणते. मीमांसक, म्हणजे वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे, जगाचा कर्ता मानत नाहीत, तरी आस्तिकांत मोजले जातात. देवाचा संबंध मागून जोडला गेला.

ओवीवेडा
मागून जोडलेलाच अर्थ आज मराठीत चालतो. तुम्हीच ना वापराच्या बाजूचे?

साधीभाषा
वापरही एक नसतो. माझ्या वडिलांना गावात नास्तिक म्हणत, कारण ते श्राद्ध घालत नसत. रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायचे. त्यांना कोणता शब्द लावणार, सांगा.