नवऱ्याला एडीएचडी निघालं. विसरतो तर आपण सगळेच, मग फरक काय?

जिरावनवाली:
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहून राहिले. मुलाच्या तपासणीसाठी गेलो होतो, डॉक्टर प्रश्न विचारत होते आणि मध्येच नवरा (वय ३७) म्हणाला, हे तर सगळं माझंच सांगून राहिलेत. मग त्याचीही तपासणी झाली आणि मागच्या महिन्यात कळलं, एडीएचडी आहे (लहानपणापासूनचा लक्ष न टिकण्याचा, चंचलपणाचा त्रास), त्यातला लक्ष न लागण्याचा प्रकार, उड्या मारणारा नाही.

आता ऐका. लाइट बिल, पैसे आहेत, फोनमध्ये अॅप आहे, दोन मिनिटांचं काम, तरी दर वेळी दंड. रविवारी पोहे आणतो म्हणून गेला तो दीड तासाने स्क्रूड्रायव्हरचा सेट घेऊन आला, पोहे नाहीतच. आणि हाच माणूस गणपतीचं मखर करायला बसला तर रात्री ९ ते पहाटे ५, पाणीसुद्धा न पिता! मग राग येतो ना, आवडीच्या कामात बरं लक्ष लागतं. सासूबाई म्हणतात लहानपणापासून वेंधळाच आहे, वर्षाला तीन कंपासपेट्या हरवायचा. पण चष्मा डोक्यावर ठेवून घरभर मीही शोधते, मग माझ्यात नि त्याच्यात नक्की फरक काय? का आता त्याला एक छान कारण मिळालंय? (खरं सांगते, असं वाटून जातं.)

अर्धा_कप_चहा:
ताई, मला ४१ व्या वर्षी कळलं. कचरागाडीचंच घ्या. सकाळी गाडीचं गाणं वाजलं की तुम्ही उठता, बादल्या घेता, बाहेर जाता, संपलं. मलाही ऐकू येतं. उठायचंय हेही कळत असतं, मनात स्वतःला शिव्या घालून राहिलेली असते आणि उठत नाही. मग गाणं पुढच्या गल्लीत गेलं की अंगात वीज शिरते आणि ओला-सुका दोन्ही घेऊन पळते, पायात दोन वेगळ्या चपला. शेजारच्यांना वाटतं आळशी आहे. आळशी माणूस आरामात तरी बसतो हो!

काम महत्त्वाचं आहे एवढ्याने माझं डोकं चालू होत नाही. ते आवडीचं पाहिजे, नवीन पाहिजे, नाहीतर शेपटीला आग लागलेली पाहिजे. मखरात तिन्ही होतं, सकाळी गणपती येणार होते ना. आणि पाणी न पिता आठ तास बसणं ही मजा नाहीये, तिथून उठणंही हातात नसतं. वेळेचं तर बोलूच नका, राजवाड्याहून विजय नगर मला अजून दहा मिनिटांवर वाटतं, इतकी वर्षं इंदुरात काढून.

छावणीचे_काका:
आमच्या वेळी दोन धपाटे घातले की सगळ्यांचं लक्ष लागायचं. आता प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव.

निपानिया_नोट्स:
काका, धपाटे यांनीही खाल्ले असणारच, कंपासपेट्या तरी हरवल्याच.

मी मानसशास्त्रात काम करते म्हणून थोडं लांबलचक. चष्मा विसरणं दोघांचं सारखंच दिसतं, फरक आहे तो किती, कधीपासून आणि त्याने काय काय बिघडतं यात. २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकी पुस्तक) प्रमाणे लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं आहेत, मुलांत त्यातली किमान सहा आणि वय १७ आणि त्यापुढे पाच, सहा महिने तरी टिकलेली, आणि घर, ऑफिस अशा दोन किंवा जास्त ठिकाणी. त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात, म्हणून सासूबाईंची कंपासपेटी फार कामाची. रील बघून बघून गेल्या दोन वर्षांत लक्ष उडालं असेल तर ते हे नव्हे. झोप, थायरॉइड, चिंता यांनीही असंच होतं, तेही बघावं लागतं.

मखराबद्दल अर्धा कप ताईंचं बरोबर आहे, अनुभव खूप जणांचा आहे, फक्त तो निकषांत नाही. त्रास लक्षाच्या कमतरतेचा कमी आणि लक्ष हवं तिथे वळवण्याचा, हवं तेव्हा काढून घेण्याचा जास्त. मुलाचं आणि वडिलांचं एकत्र निघालं याचंही नवल नाही, हे घराण्यातून चांगलंच येतं. मिथाइलफेनिडेट, अॅटोमॉक्सेटीन ही औषधं डॉक्टर ठरवतील, पण बिल भरायची सवय गोळीतून येत नाही.

दोन_किल्ल्या:
इथे उलट आहे, बायकोला एडीएचडी, मी साधा. दोन गोष्टींनी भांडणं कमी झाली. एक, बिलं ऑटो-पे वर, त्यात माणूस सुधारायची वाट बघायची नाही. दुसरं, जे दिसत नाही ते तिच्यासाठी नसतंच, मग डबे सगळे काचेचे आणि किल्ली दाराच्या खिळ्यावर. आणि ताई, रोज आठवण करून देत बसू नका, त्याची आई व्हायला लागता आणि मग दोघंही चिडता. कारण की सबब, तर माझं मत असं की कारण असलं तरी दंडाचे पैसे घरातूनच जातात, ते बोलायचंच. फक्त तुला पर्वाच नाही हे वाक्य मी बंद केलंय.

जिरावनवाली:
ते वाक्य मी कालच बोलले 😔 ऑटो-पे लावायला सांगितलंय. नको, मीच लावते.

छावणीचे_काका:
मॅडम, ती कंपासपेटी वाचून गप्प झालो. माझ्या वडिलांच्या छत्र्या, माझ्या सायकली. दोन नोकऱ्याही. ६८ व्या वर्षी तपासून काही उपयोग असतो का?