चांदीच्या कणांची साइज डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून मोजणारं मशीन) म्हणतं १८६ नॅनोमीटर, टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) म्हणतं २०. कोणाचं धरू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नाशिकला एम.फार्म. करतेय. घरची निफाडला द्राक्षबाग आहे, खरड छाटणीत निघालेला पाला स्वच्छ धुऊन त्याच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट टाकून चांदीचे नॅनोपार्टिकल्स (अतिसूक्ष्म कण) बनवलेत. रंग अगदी कोऱ्या चहासारखा आला, यूव्हीत (प्रकाश किती शोषला जातो त्या तपासणीत) पीकपण ४२० नॅनोमीटरच्या आसपास. टीईएमच्या फोटोत बहुतेक कण १५ ते २५ नॅनोमीटरचे, छान गोल. आणि डीएलएसला झेड-अ‍ॅव्हरेज (सरासरी साइज) १८६, पीडीआय (साइजमध्ये किती फरक आहे त्याचा आकडा) ०.४८! तीनदा लावलं, तीनदा तेच. आमच्याकडे मशीन नाही, सॅम्पल बसने पुण्याला न्यावं लागतं, त्यामुळे परत परत जाणं जड जातं.

मला कळलंय ते असं की डीएलएस कण किती भरभर हलतात त्यावरून साइज काढतं, त्यात कणावरचं अर्काचं आवरणपण धरलं जातं, शिवाय प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातात विखुरतो म्हणजे ढोबळ हिशोबाने २०० चा एक कण २० च्या १० लाख कणांएवढा चमकतो. मग चार गुठळ्यांनी सगळं झाकलं जात असेल का?

वेगळे करून मोजायचं तर एसईसी (साइजप्रमाणे वेगळं करणाऱ्या, सच्छिद्र दाणे भरलेल्या) कॉलममध्ये चांदी चिकटून बसते म्हणतात. फील्ड-फ्लो फ्रॅक्शनेशनबद्दल वाचलं, गिडिंग्स यांनी १९६६ मध्ये मांडलेलं, त्यात भरीव पॅकिंगच नसतं, पातळ चॅनेलमधून बारीक कण आधी बाहेर येतात, एसईसीच्या बरोब्बर उलट. पुणे-मुंबईत बाहेरच्या विद्यार्थ्यांना हे मशीन वापरायला मिळतं का? प्लीज सांगा, थिसिस अडकलाय.

उत्तर: ताई, त्याआधी घरचे उपाय करा. थोडं सॅम्पल कमी स्पीडला सेंट्रीफ्यूज करून फक्त वरचं पाणी डीएलएसला लावा, आकडा धाडकन उतरला तर गुठळ्याच होत्या. निघताना आणि पोचल्यावर यूव्ही घ्या, ६०० नॅनोमीटरच्या पुढे आलेखाचं शेपूट उचललेलं दिसलं तर कण वाटेतच चिकटले. थिसिसमध्ये डीएलएसचा इंटेन्सिटीचाच (विखुरलेल्या प्रकाशाचा) ग्राफ मुख्य ठेवा, नंबरचा (कणांच्या संख्येचा) शेजारी द्या, नंबरचा सॉफ्टवेअरने हिशोब करून काढलेला असतो. आणि पातळ करायला पाणी कुठलं घेतलं? चांदीला मीठ अजिबात सोसत नाही, कण चिकटतात.

प्रश्नकर्ती: दादा, इथे डबल डिस्टिल्ड वापरते, पण तिकडे गेल्यावर टेबलावरच्या बाटलीतलं घेतलं होतं, तिन्ही वेळा. बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतं. आता सोमवारी आमचंच पाणी घेऊन जाते आणि आकडे इथेच टाकते.